पाठकसाहेबांच्या गाडीचा थेंब

गॅरेजमध्ये किस्से मुद्दाम कोणी जमवत नाही. गाडी खोलून पुन्हा जोडली की एखादा नट किंवा वायसर उरतोच. तो कुठला होता हे कोणालाच आठवत नाही आणि फेकून द्यायचा धीरही होत नाही. मग तो तेलाच्या कापलेल्या डब्यात जातो. आमच्याकडे असे तीन डबे भरलेत. किस्स्यांचंही तसंच. गाडी जाते, किस्सा उरतो.

आमचं गॅरेज अंबडच्या औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे आणि घर त्याच्या मागेच. काम करणारे दोघं, पप्पा आणि रज्जाकचाचा. चाचा मूळचे मालेगावचे. पप्पा सगळं काम त्यांच्याकडूनच शिकले, पण जागा पप्पांची म्हणून चाचा त्यांना 'शेठ' म्हणतात. थोडं मानाने, थोडं चिडवायला.

शाळेतून आले की मी टायरच्या रॅकमागे बसून अभ्यास करायची. तिथून मला सगळं दिसायचं, पण रस्त्यावरून मी कोणाला दिसायची नाही. कारण पाचवीत प्राजक्ताने विचारलं होतं, "तुझे पप्पा काय करतात गं?" आणि मी म्हटलं होतं, "अंबडला कंपनीत आहेत." आमच्या वर्गात सगळ्यांचेच पप्पा अंबडला कंपनीत. त्यात आणखी एक खपून गेले. पुढे तीन वर्षं ते कंपनीतच होते!

हे किस्से मी आठवीत होते तेव्हाचे.

* * *

दिवाळी झाल्यावर एका सकाळी पाठकसाहेब गाडी घेऊन आले. घेऊन म्हणजे ढकलत. साहेब अंबडच्या एका कंपनीत क्वालिटी खात्यात होते, नुकतेच रिटायर झालेले. गाडी म्हणजे परदेशी मोटरसायकल, लांबच्या प्रवासाची, माझ्यापेक्षा वयाने मोठी. बोटीवर नोकरी करणाऱ्या त्यांच्या मेव्हण्याने कधीतरी आणलेली. मागची सीट आमच्या घरातल्या खुर्चीपेक्षा मऊ होती!

आमच्याकडे येणाऱ्या मोटरसायकली वाऱ्यानेच थंड होतात. हिला मात्र पुढे कारसारखा रेडिएटर होता. इंजिनाभोवती हिरवं कूलंट फिरायचं आणि ते फिरवायला खाली एक छोटा पंप.

"रोज सकाळी गाडीखाली थेंब असतो," साहेब म्हणाले. "कुठून येतो ते सापडत नाही. मला रूट कॉज पाहिजे, भाऊ. जानेवारीत आम्ही दोघं हिच्यावरून कन्याकुमारीला जाणार. वीस वर्षं ठरवतोय. फेब्रुवारीत बायकोच्या गुडघ्यांचं ऑपरेशन आहे. त्यानंतर मागे बसायला डॉक्टर नाही म्हणालेत."

पप्पांची एक सवय होती. गाडीखाली काही ओलं दिसलं की बोट लावायचं आणि जिभेवर ठेवायचं. त्यांनी ते केलंच.

"गोड लागतंय," पप्पा म्हणाले.

"अहो थुंका! विष असतं ते!" साहेब ओरडले.

पप्पा नळाकडे पळाले. दहा वेळा चूळ भरली. चाचांनी हातातलं काम सोडलंही नाही. म्हणाले, "शेठ, गाडीचा लीक नंतर बघू. पहिले तुमचं पॅकिंग चेक करू!"

सगळे हसले. मी टायरमागे बसून एकच प्रार्थना करत होते, की हे साहेब प्राजक्ताच्या कॉलनीत राहत नसावेत.

ते तिच्या शेजारच्याच बंगल्यात राहत होते.

* * *

साहेबांची पद्धत शिस्तीची. गाडीखाली पांढरा पुठ्ठा, त्यावर पेन्सिलने आखलेले चौकोन. रोज सकाळी नऊला येणार, कोणत्या चौकोनात डाग आहे ते वहीत लिहिणार.

अडचण अशी, की डाग रोज वेगळ्या चौकोनात. चाचा म्हणाले, "साहेब, पाणी निघतं एकीकडून, इंजिनाच्या पोटावरून चालत जातं आणि पडतं तिसरीकडे."

चौथ्या दिवशी पुठ्ठ्यावर भला मोठा डाग. साहेब खाली वाकले. "आज रंग फिका आहे. पिवळट."

"साधं पाणी मिसळलं असेल," पप्पा म्हणाले.

"प्रमाणही वाढलंय. वास वेगळा वाटतो का, भाऊ?"

मला माहीत होतं. ब्रश करताना मी खिडकीतून पाहिलं होतं. आमचा मोत्या त्या पुठ्ठ्यावर तंगडी वर करून गेला होता. पण परक्या माणसासमोर मला बोलायला होत नाही. शब्द तोंडाशी येऊन बसतो. पप्पा खाली वाकले. त्यांचं बोट डागाकडे निघालं. मी तोंड उघडलं. तरी शब्द आला नाही.

तेवढ्यात मोत्या स्वतः आला. दोघांच्या मधून वाट काढत पुठ्ठ्यापाशी गेला आणि सगळ्यांच्या देखत पुन्हा तंगडी वर केली!

"लो!" चाचा म्हणाले. "लीक खुद चलके आया!"

हसू ओसरल्यावर पप्पांनी मला विचारलं, "शुभे, तू सकाळी इथेच होतीस ना? दिसलं नाही तुला?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

* * *

एकदा कांद्याचा ट्रक घेऊन चाललेला चांदवडचा एक ड्रायव्हर हवा भरायला थांबला. गाडीभोवती तिघं डोकं धरून बसलेले पाहून त्याने विचारलं, "काय झालं वं?"

चाचांनी सांगितलं.

"त्यात काय एवढं! रेडिएटरमधी मूठभर हळद टाका. घाटात माझा रेडिएटर फुटला व्हता, हळदीवर धुळ्यापर्यंत गेलो! लय भारी काम करती."

पप्पांना ते पटलं. मला म्हणाले, "शुभे, आईकडून हळद आण."

मी आईला एवढंच सांगितलं, "पप्पांनी हळद मागितली, साहेबांच्या गाडीसाठी." आईला वाटलं, गाडी झाली, आता पूजा. ती हळद-कुंकू, अक्षता, नारळ, निरांजन असं सगळं ताट घेऊन डोक्यावर पदर घेऊन बाहेर आली. गाडीचं चाक निघालेलं, टाकी खाली ठेवलेली.

आईने तरीही कुंकू लावलं. मग पप्पांनी ताटातली हळदीची वाटी उचलली तेव्हा साहेब दोन्ही हात आडवे करून रेडिएटरसमोर उभे राहिले.

"भाऊ, पाया पडतो! माझ्या इंजिनाला फोडणी नको!"

* * *

मग चाचांनी युक्ती काढली. रेडिएटरच्या एका जुन्या झाकणाला भोक पाडून त्यात सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवला. आता सायकलच्या पंपाने रेडिएटरमध्ये हवा भरायची. दाब वाढला की लपलेला लीक बाहेर येणारच.

पप्पांनी रेडिओ बंद केला. चाचा पंप मारू लागले. साहेब कान देऊन उभे. आणि खरंच बारीक आवाज आला, स्स्स्स!

"सापडलं!" साहेब.

"हेडचं गॅस्केट!" पप्पा.

"नाही, पाइप!" साहेब.

चाचांनी दोघांकडे पाहिलं, मग हातातल्या पंपाकडे. म्हणाले, "पंपाचं वायसर गेलंय."

पण त्या वेळी मी उजेडासाठी बॅटरी धरून गाडीखाली आडवी होते. मी बारीक असल्यामुळे ते काम माझ्याकडे होतं. सगळे पंपाच्या वायसरवर हसत होते तेव्हा मला दिसलं. कूलंटच्या पंपाखाली, अगदी आडोशाला, टाचणीच्या डोक्यापेक्षा थोडं मोठं एक भोक होतं. त्यातून एक हिरवा थेंब हळूच बाहेर आला, इंजिनाच्या पोटावरून मागे सरकला आणि सायलेन्सरजवळ जाऊन पडला.

मला सापडला होता! पण साहेब वही उघडून उभे होते. मी बाहेर आले, बॅटरी बंद केली आणि घरात गेले.

* * *

दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. दुपारी पप्पा आणि चाचा जेवायला बसले होते. मी पुट्टीच्या डब्या काढल्या. एकीत पांढरी, एकीत काळपट. दोन्ही मळून लावली की दगडासारखी घट्ट होते. टाकीला भोक असलं की पप्पा हीच लावतात. भोक दिसलं की बुजवायचं, एवढंच मी लहानपणापासून पाहिलं होतं.

मला घाई होती. पुट्टी नीट मळली नाही, दोन्ही रंगांच्या रेषा तशाच राहिल्या. गाडीखाली शिरले, भोक पुसलं, गोळा ठेवला आणि अंगठ्याने जोरात दाबला.

सोमवारी पुठ्ठा कोरडा. मंगळवारी कोरडा. साहेबांनी वहीत 'निरंक' लिहून खाली दोन रेघा मारल्या.

"मी क्लॅम्प आवळला ना, त्यानेच," पप्पा म्हणाले.

"शेठ, झाकणाचं रबर मी बदललं," चाचा म्हणाले.

"कुंकू मी लावलं!" आतून आई म्हणाली.

मी टायरमागे बसून एकटीच हसत होते. इतका आनंद मला कधी झाला नव्हता. शनिवारी साहेबांनी पेढे वाटले. मी दोन खाल्ले.

* * *

कन्याकुमारीच्या आधी चाचणी म्हणून साहेब पाठककाकूंना मागे बसवून कळवणला निघाले. काकूंचं माहेर तिथे. काकूंनी नवीन स्वेटर घातला होता आणि स्कार्फ डोक्याला बांधून वर हेल्मेट. गल्लीतले सगळे हात हलवत होते.

संध्याकाळी दोघं परत आले, पण टेम्पोत पुढे बसून. मागे कोबीच्या गोण्या आणि गोण्यांना टेकून गाडी.

चाचांनी इंजिनाचं ऑइल काढलं. काळं ऑइल यायला हवं होतं. भांड्यात आलं ते दुधाच्या चहासारखं! ऑइलमध्ये पाणी गेलं होतं. आतली बेअरिंगं खलास.

मी सगळ्यांसाठी चहा घेऊन आले तेव्हा चाचा कूलंटचा पंप उलटा करून बघत होते. एकदम ओरडले, "या अल्लाह! हे भोक कोणत्या गाढवाने बुजवलं?"

"कसलं भोक?" साहेब.

"कंपनी मुद्दाम ठेवते, साहेब. पंपाच्या आतलं सील गेलं की पाणी इथून बाहेर पडतं. थेंब दिसला की समजायचं, सील बदला. बुजवलं तर पाणी जाणार कुठे? सरळ ऑइलमध्ये! एवढं तर पोरालाही..."

बोलता बोलता त्यांनी स्क्रू ड्रायव्हरने पुट्टीचा गोळा काढला, उजेडात धरला आणि थांबले. मला लांबूनही दिसलं. गोळ्यावर अंगठ्याचा ठसा होता. लहान, अगदी स्वच्छ, एकेक रेघ मोजता येईल असा.

चाचांनी मान वर केली. माझ्या हातातल्या कपांकडे पाहिलं. कपांकडे नाही, कप धरलेल्या बोटांकडे.

"कोणी केलं हे?" साहेबांनी विचारलं. आवाज मोठा नव्हता. काकू अजून गुडघे चोळत बसल्या होत्या, टेम्पोतल्या प्रवासाने ते आखडले होते. "कोणी केलं, भाऊ?"

एका अक्षराचं उत्तर होतं. मी कप एकेक करून खाली ठेवले.

चाचांनी गोळा खिशात टाकला. "तो गाढव मीच, साहेब. आता आठवलं."

"चाचा, तुम्ही?" पप्पा म्हणाले.

"उमर झाली, शेठ."

साहेब म्हणाले, "आयुष्यभर हेच काम केलंत ना हो तुम्ही?" आणि वही उघडून त्यांनी काहीतरी लिहिलं.

पप्पांनी ऑइलचं भांडं बाजूला सरकवलं. मग खाली बघत म्हणाले, "चाचा, उद्यापासून तुम्ही पंक्चर बघा. इंजिनाला हात नको."

ज्यांच्याकडून शिकले, त्यांना. चाचांनी स्वतःच आपली हत्यारांची पेटी उचलली आणि पुढे, रस्त्याच्या कडेला, पंक्चरच्या घमेल्याजवळ नेऊन ठेवली.

"अच्छा आहे, शेठ. ट्यूबचा लीक बुडबुडा तरी दाखवतो."

चहा गार झाला. तो मीच मोरीत ओतला.

* * *

सुटे भाग मुंबईहून यायला अडीच महिने लागले. जानेवारी गेला. फेब्रुवारीत काकूंचं ऑपरेशन झालं.

अडीच महिने मी चाचांच्या चहात एक चमचा साखर जास्त घालत होते. ते कधी काही बोलले नाहीत. एकदाच मी घमेल्याजवळ जाऊन "चाचा, ते पुट्टीचं..." एवढं म्हटलं. त्यांनी ट्यूब पाण्यात दाबली आणि म्हणाले, "बेटा, पुट्टी रंग एक होईपर्यंत मळायची असते."

एवढंच. मी त्या दिवशी जेवले नाही. आईला वाटलं परीक्षेचं टेन्शन!

* * *

मार्चमध्ये गाडी तयार झाली. साहेब न्यायला आले तेव्हा काकूही रिक्षाने आल्या, काठी टेकत. सीटवरून हात फिरवून म्हणाल्या, "कन्याकुमारी नाही तर नाही. कळवणपर्यंत तरी रुबाबात गेले ना!"

साहेबांनी वही काढली. "भाऊ, आता हे प्रकरण बंद करतो. रूट कॉज, रज्जाक मिस्त्री."

"मी लावली पुट्टी," मी म्हटलं.

कोणाला ऐकू गेलं नाही. मी टायरमागून बाहेर आले आणि पुन्हा म्हटलं. "पुट्टी मी लावली. चाचांनी नाही."

मग काकूंनी मला जवळ ओढलं आणि डोक्यावर हात ठेवला. "किती गुणी पोर गं! चाचांसाठी स्वतःवर घेतेय."

पप्पांचे डोळे भरून आले. "लहानपणापासून लळा आहे तिला त्यांचा."

इतक्या महिन्यांनी खरं बोलले, तर शाबासकी मिळाली! माझे कान लाल झाले. "माझा अंगठा आहे त्याच्यावर," मी म्हटलं. "चाचांच्या खिशात आहे तो गोळा."

साहेब चष्मा वर सारत म्हणाले, "पुरावा असेल तर बघू."

चाचा घमेल्याजवळून उठले नाहीत. खिशातून चिंधीत गुंडाळलेला गोळा काढून त्यांनी पप्पांच्या हातात दिला. पप्पांनी चिंधी सोडली. गोळा सगळीकडून गुळगुळीत होता, कानशीने घासलेला.

"कुठाय अंगठा?" पप्पा म्हणाले.

"बच्ची आहे, शेठ. सोडा," चाचा म्हणाले.

पप्पा गोळा परत गुंडाळणार तेवढ्यात साहेबांनी तो घेतला आणि दारात उन्हात नेला. उलटा केला, सुलटा केला. मग विचारलं, "भाऊ, चाचा पुट्टी कशी मळतात?"

"एकजीव. रंग एक झाल्याशिवाय सोडतच नाहीत. मलाही त्यांनीच..." पप्पा थांबले.

साहेबांनी गोळा त्यांच्या तळहातावर ठेवला. पांढऱ्या आणि काळपट रेषा अगदी स्पष्ट दिसत होत्या. घासल्यामुळे जास्तच.

काकूंचा हात माझ्या डोक्यावर होता, तो त्यांनी काढला नाही. साहेबांनी वहीतली एक ओळ खोडली. पप्पा घमेल्याजवळ गेले, वाकून चाचांची पेटी उचलली आणि आत नेऊन इंजिनाच्या टेबलावर ठेवली.

चाचांनी हात पुसले. सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "वो तो ठीक आहे, शेठ. पण मग पंक्चर कोण बघणार?"

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं.

मी युनिफॉर्मच्या बाह्या वर केल्या आणि रस्त्याच्या कडेला घमेल्यापुढे जाऊन बसले. साडेपाच वाजले होते. क्लासच्या मुली याच रस्त्याने घरी जातात. चौथी का पाचवी ट्यूब पाण्यात होती तेव्हा समोर एक सायकल येऊन थांबली, मागचं चाक बसलेलं. मी मान वर केली नाही, पण आवाज ओळखीचा होता. प्राजक्ता माझ्या डोक्यावरून आत बघत विचारत होती,

"काका, इथे पंक्चर कोण काढतं?"

"मी," मी म्हटलं.